तिसऱ्या पेपरआधी मागचे दोन बघून ये

प्रश्न: ताई, मी जर्मनीत मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करतोय. बाकीचे विषय सुटले, पण एका विषयात दोनदा नापास झालोय, दोन्ही वेळा ५.० ग्रेड (इथे आकडा जितका मोठा तितका निकाल वाईट). आता ड्रिटफरझूख, म्हणजे तिसरा आणि शेवटचा प्रयत्न, सहा आठवड्यांवर आलाय. यात गेलो तर डिग्री गेली, आणि व्हिसाचं काय होईल देव जाणे. बाबांनी कर्ज काढून पाठवलंय. घरी काही सांगितलेलं नाही, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ‘मस्त चाललंय’ म्हणतो. संध्याकाळी गोदामात काम करतो, रात्री पुस्तक उघडतो आणि तेच पान बघत बसतो. सकाळी उठूच नये असं वाटतं. आजारी असल्याचं सर्टिफिकेट काढून पेपर पुढे ढकलू का?

उत्तर: सर्टिफिकेटचं नंतर बघू. आधी त्याच्या अलीकडचं वाक्य. सकाळी उठूच नये म्हणजे थकलायस, की जगूच नये असं मनात येतं? तसं येत असेल तर हे वाचणं इथेच थांबव आणि कुणाशी तरी बोल. शेजारच्या खोलीतला मित्र चालेल. टेलिफोनझेलझॉर्गे या मन मोकळं करायच्या हेल्पलाइनचा ०८०० १११ ० १११ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे, बोलणं मात्र बहुधा जर्मनमध्ये होईल. जिवाचं बरंवाईट करण्यापर्यंत गोष्ट आली असेल तर सरळ ११२. नुसता थकवा असला तरी तुमच्या श्टुडिअरेंडनवेर्कमधल्या, म्हणजे विद्यार्थी सेवा संस्थेतल्या, समुपदेशकाची वेळ आजच मागून ठेव. बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, इंग्रजीतही बोलता येतं, पण नंबर लागायला कधी कधी आठवडे जातात. म्हणून आजच म्हणते.

आता परीक्षा. तुझ्या पत्रात कर्ज आहे, व्हिसा आहे, बाबा आहेत. पण दोन्ही वेळा मार्क नेमके कुठे गेले ते कुठेच नाही. म्हणजे तू आइनझिश्टला गेलेला नाहीस, असं मी धरून चालते. तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा तो दिवस आपली मुलं हटकून टाळतात. नापास झालोय, आता सरांना काय तोंड दाखवायचं! अरे, तिथे सर बहुतेक वेळा नसतातच. एका वर्गात टेबलं मांडलेली असतात, ओळखपत्र दाखवलं की तुझा पेपर हातात मिळतो, आणि एखादा असिस्टंट घड्याळाकडे बघत उभा असतो. वेळ थोडाच मिळतो. फोटो काढू देतील याचा भरवसा नाही, म्हणून कोरा कागद घेऊन जा. मार्कांसाठी भांडायला जाऊ नकोस. प्रत्येक गेलेल्या मार्कापुढे एवढंच लिही: येत नव्हतं, येत होतं पण वेळ संपला, की प्रश्नच नीट कळला नाही.

या तिन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत आणि तू तिन्हींवर एकच उपाय करत आलायस: पुस्तक पहिल्या पानापासून वाचणं. वेळ पुरत नसेल तर आणखी वाचून तो पुरायला लागत नाही. त्यासाठी जुने पेपर घड्याळ लावून सोडवावे लागतात. ते फाखशाफ्टकडे, म्हणजे विभागातल्या विद्यार्थी प्रतिनिधींकडे, बहुधा मिळतात. पेपर ९० मिनिटांचा असेल तर ९० मिनिटांत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. सोडवलेला पेपर तो विषय सुटलेल्या कुणाला तरी तपासायला दे, स्वतः तपासू नकोस. आपण आपल्याला फार सढळ हाताने मार्क देतो. प्रश्न कळत नसेल तर जुन्या पेपरांतली प्रश्नांची भाषाच घोटून घे, ‘सिद्ध करा’ कुठे म्हटलंय आणि ‘अंदाजे काढा’ कुठे. आणि मुळात येत नसेलच, तर कुठले दोन-तीन धडे ते निदान कळेल. पास व्हायला ४.० ग्रेड पुरतो. सहा आठवड्यांत सगळा विषय पाठ करायच्या मागे लागू नकोस, ४.० च्या मागे लाग.

गोदामातलं काम तेवढे आठवडे निम्म्यावर आण. भाड्याची ओढाताण होणार असेल तर श्टुडिअरेंडनवेर्कच्या सामाजिक सल्ला कक्षात जा. चर्चशी जोडलेली विद्यार्थी केंद्रंही अडलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना मदत करतात, त्यासाठी ख्रिश्चन असावं लागत नाही. मागायला लाजू नकोस.

सर्टिफिकेट: खोटं असेल तर नाही. पकडला गेलास तर नापास होण्यापेक्षा वाईट अवस्था होईल, आणि नाही पकडला गेलास तरी हीच भीती पुढच्या सत्रापर्यंत उशाशी घेऊन झोपशील. खरंच आजारी पडलास तर मात्र हिरोगिरी करून पेपरला बसू नकोस. डॉक्टरांचा दाखला घेऊन लगेच परीक्षा कार्यालयात, प्रूफुंग्सआम्टमध्ये, कळव. पेपर दिल्यावर ‘मला बरं नव्हतं’ म्हटलेलं सहसा ऐकून घेत नाहीत. झोप उडणं, पान न सरकणं हेही डॉक्टरांना सांगण्यासारखंच आहे. ते तपासून काय म्हणतात ते त्यांना ठरवू दे.

नापास झालास तर? हे आत्ताच बघून ठेव, म्हणजे रात्री दोन वाजता ते तुझ्याकडे बघत बसणार नाही. तुमच्या कोर्सची प्रूफुंग्सऑर्डनुंग, म्हणजे परीक्षेची नियमावली, उघड. शेवटच्या लेखी प्रयत्नानंतर काही विद्यापीठं तोंडी परीक्षेची एक संधी देतात, काही देत नाहीत. विषय ऐच्छिक असेल तर बदलता येतो का, तेही त्यातच कळेल. अखेरचा नापास शेरा बसला तर तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडे करायला सहसा मिळत नाही. वेगळ्या कोर्सला जाता येतं आणि सुटलेल्या विषयांपैकी काही तिकडे धरले जाऊ शकतात. निकालाच्या लेखी पत्राविरुद्ध हरकत घ्यायला साधारण एक महिना असतो, नेमकी मुदत त्या पत्रातच दिलेली असते. विद्यार्थी संघटनेत, आस्टामध्ये, कायद्याचा सल्ला मिळतो. तुझं राहण्याचं परमिट शिक्षणावर टांगलेलं आहे, म्हणून इंटरनॅशनल ऑफिसमध्ये निकालाआधीच एकदा बसून विचार, ‘असं झालं तर पहिल्या आठवड्यात मी काय करायचं?’ व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारू नकोस. तिथे प्रत्येकाचा एक चुलतभाऊ असतो ज्याला रातोरात विमानात बसवलं होतं.

राहिले बाबा. निकालानंतर सांगितलंस तर एकाच फोनवर त्यांना नापास झाल्याचंही कळणार आणि वर्षभर खोटं बोलल्याचंही. दुसरं जास्त लागेल. या रविवारी सांग. आधी आईला गाठून तिच्याकरवी निरोप नको, दोघं समोर असताना सांग: ‘बाबा, एका विषयात दोनदा गेलोय. शेवटची संधी आहे. तयारी अशी करतोय. तोवर मार्कांचं विचारू नका.’ ते चिडतील, कदाचित फोन ठेवतील. दोन दिवस जाऊ दे आणि पुन्हा फोन कर.

पण रविवारला अवकाश आहे. आज त्या विषयाच्या विभागाला ईमेल टाक: ‘या विषयातले माझे दोन प्रयत्न झाले आहेत, तिसरा लवकरच आहे. दोन्ही उत्तरपत्रिका बघायच्या आहेत, कधी येऊ?’ आइनझिश्टची ठरलेली तारीख उलटून गेली असली तरी टाक. आठवड्यात उत्तर आलं नाही तर परीक्षा कार्यालयात स्वतः जाऊन विचार.