भुसावळच्या उन्हात स्पोर्ट्स कारच्या टायरमध्ये हवा किती ठेवायची?

प्रश्न: मागच्या दिवाळीत पुण्याहून सेकंडहँड टू-सीटर स्पोर्ट्स कार घेतली. टायर पुढे २४५/४० आणि मागे २७५/३५, दोन्ही १९ इंची. सकाळी स्क्रीनवर पुढे ३३ आणि मागे ३६ दाखवतं पण मे महिन्यात दुपारी जळगावहून घरी येईपर्यंत तेच ३८ आणि ४१ होतं. पंक्चरवाला म्हणतो उन्हाळ्यात २८ च्या वर ठेवू नका, फुटेल. मित्र म्हणतो स्पोर्ट्स कार आहे तर ४० मार. आणि टायरवर तर ५१ लिहिलंय. नक्की कोणाचं ऐकू? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर: भाऊ, आधी ड्रायव्हरचं दार उघडा आणि खांबावर चिकटवलेली पट्टी वाचा, काही गाड्यांत ती पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असते. कंपनीने त्या गाडीचं वजन, पुढच्या-मागच्या चाकावर येणारा भार, टायरची साइज सगळं धरून काढलेला आकडा तिथे असतो आणि तोच तुमचा आकडा. युरोपियन गाडी असेल तर बारमध्ये लिहिलेलं असेल, बार आणि पीएसआय ही दोन्ही हवेचा दाब मोजायची मापं, तुमच्या स्क्रीनवरचे आकडे पीएसआयमध्ये आहेत. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, म्हणजे २.३ बार हे ३३ झालं आणि २.५ बार हे ३६. तुमचे सकाळचे आकडे पट्टीशी जुळत असतील तर काहीही हलवू नका. टायरवरचं ५१ म्हणजे तो टायर जास्तीत जास्त किती प्रेशर सहन करेल त्याची मर्यादा, तेवढी हवा भरा असं ते सांगत नाही.

आता दुपारच्या ३८ चं. पट्टीवरचा आकडा थंड टायरचा असतो, थंड म्हणजे गाडी निदान तीन तास सावलीत उभी किंवा दोन किलोमीटरपेक्षा कमी चाललेली. गाडी पळाली की आतली हवा तापते, १० अंशाला साधारण दीड पीएसआय चढतं, त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यात हायवेवर चार-सहा पीएसआय वाढणं अगदी नॉर्मल आहे आणि कंपनीने ते आधीच हिशेबात धरलेलं असतं.

खरा धोका उलट्या बाजूला आहे आणि हे मी कळकळीने सांगतोय, कारण खानदेशात उन्हाळा लागला की हवा काढायचा सल्ला जो तो देतो. टायर बहुतेक वेळा फुटतो तो कमी हवेने. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेरीला जास्त दबते, परत सरळ होते, आणि या सततच्या दुमडण्यानेच आत उष्णता तयार होते, वर ४५ अंशाचं ऊन, खाली तापलेलं डांबर आणि चौपदरी रस्त्यावर तुमचा १२० चा स्पीड, मग रबर आणि आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात. समजा पंक्चरवाल्याने दुपारी तापलेल्या टायरमधून ३८ चे २८ केले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर जवळपास २४ वर येईल! बऱ्याच गाड्यांत पट्टीपेक्षा २५ टक्के कमी झालं की मगच डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागतो, म्हणजे ३३ च्या गाडीला तो २५ च्या आसपास. दिवा लागेपर्यंत थांबू नका. तापलेल्या टायरची हवा काढायची नाही म्हणजे नाही. आणि प्रवासात गरम टायर पट्टीच्याही खाली दिसला तर पट्टीपेक्षा चारेक पीएसआय जास्त भरा, पंक्चर नाही ना ते बघा आणि सकाळी थंड असताना पुन्हा मोजा.

मित्राचं ४० सुद्धा नको. जास्त हवेने टायर मधून फुगतो, रस्त्याला कमी टेकतो, ब्रेक लांब लागतो आणि मधली नक्षी आधी झिजते. तुमच्या मागच्या २७५/३५ टायरची भिंत फक्त ९६ मिलिमीटर उंच आहे (२७५ मिलिमीटर रुंदीच्या ३५ टक्के), साध्या हॅचबॅकच्या १६५/८० ला ती १३२ असते, त्यामुळे खड्ड्याचा दणका झेलायला रबर कमी, हवा कमी असली तर रिम थेट आपटते आणि जास्त असली तर दणका सरळ सस्पेन्शनला जातो. पुढे-मागे आकडा वेगळा असतो तोही मुद्दाम. कन्नड घाटात वळताना पुढची हवा कमी असेल तर स्टेअरिंग सुस्त वाटतं, मागची कमी असेल तर शेपूट सुटल्यासारखी वाटते, म्हणून चारही चाकांत सरसकट एकच आकडा मारू देऊ नका.

जानेवारीच्या पहाटे आपल्याकडे १०-१२ अंश असतं, मे मध्ये पहाटेच २८-३०, एवढ्यानेच अडीच-तीन पीएसआयचा फरक पडतो. म्हणून महिन्यातून दोनदा सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी मोजा, स्वतःच्या डिजिटल गेजने. हायवेवरच्या टपरीवर मीटरची काच तडकलेली असते आणि नळी टायरला लावायच्या आधीच सुई तीनवर उभी असते, त्या आकड्यावर एवढ्या किमतीचे टायर सोडायचे? आणि आधीच्या मालकाने रिम मोठे टाकलेले असतील तर १९ इंची साइज पट्टीवर किंवा मॅन्युअलच्या तक्त्यात आहे का तेवढं आवर्जून तपासा.

प्रश्न: नायट्रोजन भरला तर उन्हाळ्यात प्रेशर वाढत नाही म्हणतात, खरं का? (एक वाचक, धुळे)

उत्तर: नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि उष्णतेने तोही तसाच पसरतो. कोरडा असतो, झिरपतो थोडा हळू, एवढाच फायदा. फुकट मिळत असेल तर घ्या, पण मोजायचं सोडू नका.

प्रश्न: गाडी कमी चालते, नक्षी नव्यासारखी आहे, तरी टायर बदलू का? (एक वाचक, शहादा)

उत्तर: टायरच्या बाजूला DOT या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २३१८ असेल तर २०१८ सालचा २३ वा आठवडा. आपल्या उन्हात उभ्या गाडीचंही रबर कडक होतं. पाच वर्षं उलटली की दरवर्षी टायरवाल्याकडून आतून-बाहेरून तपासून घ्या, बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसल्या तर लगेच बदला आणि दहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही असो, काढून टाका.