परिसराचा हिशेब कसा मांडतात?

प्रश्न : अणूवर भोवतालच्या असंख्य कणांचा आणि प्रकाशाचा सतत परिणाम होत असतो, असे वाचले. हे सारे संगणकात मांडणे अशक्य असताना अशा क्वांटम प्रणालीचे सिम्युलेशन करतात तरी कसे?
— पदवीच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी

उत्तर : सारे मांडायचेच नसते. आपल्याला कर्तव्य असते ते अणूशी; परिसराचे पुढे काय झाले हे कळले नाही तरी चालते, मात्र त्याचा अणूवर झालेला परिणाम हिशेबातून सुटता कामा नये. म्हणून अणूची अवस्था डेन्सिटी मॅट्रिक्सने, म्हणजे अवस्थेसोबत तिच्याविषयीची अनिश्चितताही नोंदवणाऱ्या संख्यांच्या चौकोनी तक्त्याने लिहितात. अणूकडून गेलेली ऊर्जा आणि माहिती परिसरात झटकन विरून जात असेल, तर या मॅट्रिक्सचे समीकरण बरेच सोपे होते. ते १९७६ साली लिंडब्लाड यांनी, तसेच स्वतंत्रपणे गोरिनी, कोसाकोव्स्की आणि सुदर्शन यांनी मांडले. (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उमेदवारी केलेल्या सुदर्शन यांचे नाव बहुतेक जण गाळतात, हे मला खटकते.)

अडचण आकाराची आहे. २० क्यूबिटांची (दोन पातळ्यांच्या क्वांटम प्रणालींची) शुद्ध, म्हणजे परिसराची अनिश्चितता न मिसळलेली अवस्था सुमारे साडेदहा लाख संख्यांत मावते. त्यांच्या डेन्सिटी मॅट्रिक्सला त्याच्या वर्गाइतक्या संख्या, म्हणजे प्रत्येकीला १६ बाइट धरून संगणकाची साधारण १७.६ टेराबाइट स्मृती लागते. यावर १९९२ साली दालिबार, कास्तँ आणि म्योल्मर यांनी दिलेला तोडगा मला फार देखणा वाटतो. उत्तेजित आणि मूळ या दोन्ही अवस्थांच्या अध्यारोपणात (सुपरपोझिशनमध्ये) असलेला एक अणू घ्या. काळाच्या प्रत्येक इवल्या टप्प्यात तो फोटॉन सोडण्याची संभाव्यता काढायची आणि एक यादृच्छिक संख्या उचलायची. ती संभाव्यतेपेक्षा लहान निघाली तर फोटॉन सुटला असे धरून अणूला थेट मूळ अवस्थेत टाकायचे; हीच ती यादृच्छिक उडी. ती मोठी निघाली तर काहीच घडले नाही असे वाटेल, पण तसे नसते : फोटॉन न दिसणे हीसुद्धा माहितीच असल्याने अणूची अवस्था प्रत्येक टप्प्याला किंचित मूळ अवस्थेकडे झुकवावी लागते. असे शेकडो प्रवास चालवून त्यांची सरासरी काढली, की सांख्यिक चूक वगळता लिंडब्लाड समीकरणाचेच उत्तर मिळते आणि मॅट्रिक्स साठवावी लागत नाही.

परिसराला स्मृती असेल, म्हणजे अणूकडून गेलेली माहिती झटकन विरून न जाता पुन्हा अणूवर परिणाम करत असेल, तर मात्र हे सारे कोलमडते. हरित गंधक जीवाणूंमधील एका प्रथिनात बॅक्टेरिओक्लोरोफिलच्या (जीवाणूंमधील हरितद्रव्याच्या) रेणूंमधून ऊर्जा पुढे सरकते, तेव्हा प्रथिनाची कंपने साधारण तितक्याच वेळात शमत असतात. अशा वेळी तानिमुरा आणि कुबो यांनी १९८९ साली सुचवल्याप्रमाणे मुख्य मॅट्रिक्सला सहायक मॅट्रिक्सांची उतरंड जोडून ती स्मृती हिशेबात घेतात. तापमान जितके कमी, तितकी ही उतरंड सहसा लांबत जाते आणि संगणकाला घाम फुटतो.

स्वतः करून पाहायचे असेल, तर पायथॉनमधील क्यूटिप ही संगणकीय लायब्ररी विनामूल्य मिळते. एकाच अणूचा ऱ्हास आधी लिंडब्लाड समीकरणाने आणि मग यादृच्छिक उड्यांनी काढा. दहा प्रवासांचा आलेख खडबडीत दिसेल, पाचशेंचा जवळजवळ पहिल्या वक्रावर बसेल.