वाढदिवसाला रिमोटचं विमान नको, बाल्साची शीट द्या

एरोमॉडेलिंगचा, म्हणजे उडणारी छोटी विमानं बनवण्याचा, नाद घरातल्या मुलांना लागावा असं वाटणारे आजोबा, मामा, आत्या सुट्टी जवळ आली की लिहू लागतात. प्रश्न दरवेळी तेच असतात, कारण ऐकीव माहिती तीच आणि दुकानातला सल्लाही तोच. यावेळचे नऊ प्रश्न खाली घेतले आहेत.

नातू सहा वर्षांचा आहे. बाल्साचं किट आणू का? (आजोबा, सांगली)

अजून नको. बाल्सा म्हणजे अतिशय हलकं लाकूड, पण ते कटरने कापावं लागतं. सध्या कागदाची विमानं आणि पॅकिंगमधल्या पातळ फोममधून बोथट कात्रीने कापलेली ग्लायडर पुरेत. कटर साधारण नवव्या-दहाव्या वर्षी, तोही तुम्ही शेजारी बसलेले असताना. मुलाचा हात कसा आहे हे त्याच्या चित्रकलेच्या बाईंना विचारा, त्या नेमकं सांगतील.

भाच्याच्या दहाव्या वाढदिवसाला रिमोटचं विमान दिलं. डब्यावर 'शिकाऊंसाठी, न तुटणारं' असं होतं. पहिल्याच दिवशी पार्किंगमध्ये आपटलं. आता तो त्याला हात लावत नाही. चार चॅनलचं (रिमोटने चार गोष्टी हलवता येतात असं) मोठं विमान जास्त स्थिर उडतं म्हणतात, ते घेऊ का? (मामा, नाशिक)

नका घेऊ. आधी 'न तुटणारं' म्हणजे काय ते बघा. तो शब्द फोमपुरता असतो. ईपीपी हा लवचीक फोम वाकतो, सहसा तुटत नाही, एवढंच त्यात खरं. मोटरचा दांडा वाकतो, शेपटी हलवणाऱ्या छोट्या मोटरचे, म्हणजे सर्व्होचे, दाते झिजतात, प्रॉपेलर मोडतो, आणि हे सुटे भाग मिळतात की नाही ते डब्यावर लिहिलेलं नसतं. 'शिकाऊंसाठी'चंही तेच. विमान आपल्यापासून लांब जात असताना रिमोटची स्टिक उजवीकडे दाबली की ते आपल्या उजवीकडे वळतं. तेच विमान आपल्या दिशेने येऊ लागलं की त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. इथे मुलगा गोंधळतो, स्टिक उलटी दाबतो आणि विमान जमिनीत जातं. मोठं विमान वाऱ्यात कमी हलतं हे खरं, पण त्याला वळायला जागा जास्त लागते आणि ते कुणाला लागलं तर इजाही मोठी होते. विमानातला जायरो, म्हणजे तोल सावरणारा सेन्सर, पंख समतोल धरतो. विमानाचं तोंड कुठे आहे हे ओळखायला शिकवत नाही.

राइट बंधूंना 1878 मध्ये वडिलांनी रबराच्या पिळावर उडणारं एक खेळणं आणून दिलं होतं, आल्फोन्स पेनो या फ्रेंच माणसाच्या नमुन्यावरचं. ते मोडल्यावर त्यांनी तसंच दुसरं स्वतः बनवलं. तुमच्या भाच्याचं विमान मोडल्यावर त्याच्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नाही. खरी अडचण ही आहे.

म्हणून हाताने फेकायच्या चक ग्लायडरपासून सुरुवात करा. बाल्साची 3 मिमी जाडीची शीट साधारण 75 मिमी रुंद आणि 915 मिमी लांब येते. तिच्यातून 300 × 60 मिमीचे तीन पंख निघतात, म्हणजे दोन मोडले तरी तिसरा आहे. लाकडाचे रेषे (तंतू) पंखाच्या लांबीत हवेत. आडवे आले तर पहिल्या फेकीतच पंख दुमडतो. आडवी शेपटी 110 × 36 मिमी आणि उभं शेपूट 45 × 40 मिमी, दोन्ही 1.5 मिमी शीटमधून. बॉडीला 280 मिमी लांबीची, 10 × 3 मिमीची कडक पट्टी. पंखाची पुढची कड नाकापासून 60 मिमीवर. पंख मधोमध कापा, एक अर्धा भाग पाटावर टाचण्यांनी सपाट बसवा आणि दुसऱ्याचं टोक 40 मिमी उचलून त्याखाली ठोकळा ठेवा. सांध्याच्या कडा पॉलिशपेपरने तिरप्या घासून घ्या, फट राहता कामा नये. खाली बटर पेपर अंथरायचा, नाहीतर विमान पाटालाच चिकटतं. फेविकॉलचा पातळ हात द्या आणि रात्रभर हलवू नका. इथेच घाई नडते. तासाभरात टाचण्या काढल्या की पंखाला पीळ बसतो, मग विमान एकाच बाजूला वळत राहतं आणि दोष फेकणाऱ्यावर येतो.

आता सीजी, म्हणजे विमान जिथे तोललं जातं तो गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून 22 मिमीवर दोन बोटांच्या टोकांवर विमान तोला आणि ते समतोल राहीपर्यंत नाकाला क्ले लावा. सकाळी वारा पडलेला असताना गवतावर उभं राहून, समोर किंचित खाली, भाला फेकल्यासारखं सरळ आणि हलकं सोडा. नाक वर करून थबकलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं, तर तुरीच्या दाण्याएवढी क्ले वाढवा. सरळ खाली घुसलं तर तेवढीच काढा, किंवा आडव्या शेपटीची मागची कड जेमतेम 1 मिमी वर वाकवा. वळत असेल तर आधी पंखाला समोरून बघून पीळ शोधा, उभ्या शेपटीला त्यानंतर हात लावा. एका फेकीमागे एकच बदल. दोन केले तर कशाने काय झालं ते मुलाला कळत नाही, आणि तुम्हालाही नाही. अशा पंधरा-वीस फेकींत भाचा जे शिकेल ते कुठल्याही डब्यात विकत मिळत नाही.

अशी चार-पाच विमानं झाल्यावर संगणकावरचा सिम्युलेटर, आणि मग रिमोट, तोही बडी बॉक्सवर, म्हणजे दुसरा रिमोट जाणत्याच्या हातात आणि चूक झाली की ताबा त्याच्याकडे. तुम्हाला स्वतःला उडवता येत नसेल तर तो जाणता माणूस आधी शोधा, विमान नंतर.

त्याच विमानाची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगली आहे. टाचणीने भोक पाडून हवा काढली तर चालेल का? (तेच मामा)

नाही. आतला वायू पेट घेणारा असतो आणि टाचणीने आतले थर एकमेकांना टेकले की बॅटरी तिथेच पेटते. ती विमानातून काढा, पुन्हा चार्ज करू नका, घराबाहेर वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्राला आधी फोन करून नेऊन द्या. चांगल्या बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की 4.2 व्होल्ट असतो, ठेवून द्यायचा तर 3.8. सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जरच वापरा, रात्री लावून झोपू नका, आणि मुलाला एकट्याने चार्जिंग करू देऊ नका.

फेविक्विक लावल्यावर थर्माकोलचा पंख विरघळला. माल नकली आहे का? आणि बोटं चिकटली तर मीठ चोळायचं ना? (आत्या, ठाणे)

माल अस्सल आहे. हा गोंद थर्माकोल खातोच, तिथे फेविकॉल वापरा. मीठ चोळू नका, कातडी सोलवटते. कोमट साबणाच्या पाण्यात बोटं बुडवून ठेवा आणि न ओढता हळूहळू गोल फिरवत सोडवा. सांडलेला गोंद सुती फडक्याने पुसू नका, सुतावर तो एकदम तापतो आणि चटका बसतो. थेंब डोळ्यात गेला तर भरपूर साधं पाणी, पापणी जबरदस्तीने उघडायची नाही, आणि लगेच डोळ्यांचे डॉक्टर. तूप नाही, दूध नाही, गुलाबपाणी नाही, 'सकाळपर्यंत बघू' तर अजिबात नाही.

पुतणीला कापताना रेषा जमत नाही. मी कापून देतो, ती चिकटवते. असं चालेल ना? (काका, कोल्हापूर)

मग ते विमान तुमचं झालं. शाळेच्या प्रदर्शनात अशी काकांनी बनवलेली विमानं बरीच दिसतात. ती मोडली की मुलांना दुरुस्त करता येत नाहीत, कारण आत काय आहे ते त्यांनी कधी केलेलंच नसतं.

रेषा चुकते ती हातामुळे कमी आणि ब्लेडमुळे जास्त. नवं ब्लेड घाला. बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते सटकतं, आणि कापतं तेही सटकलेलं ब्लेडच. स्टीलची पट्टी घ्या, प्लॅस्टिकची नको, तिची कड ब्लेडने निघते. एका दमात कापायचं नाही. पहिला हात नुसता ओरखडा, दुसरा थोडा खोल, तिसऱ्या-चौथ्या हाताला तुकडा आपोआप सुटतो. पट्टी धरणारी बोटं कधीही ब्लेडच्या वाटेत नकोत. आणखी एक गोष्ट तिला हातात धरून दाखवा: लाकडाच्या तंतूंच्या दिशेने कापताना ब्लेड तंतूमागे ओढलं जातं. म्हणून पट्टी नेहमी कामाच्या तुकड्यावर ठेवायची, म्हणजे ब्लेड भरकटलं तरी टाकाऊ बाजूला भरकटतं. शीटच्या उरलेल्या पट्टीवर तिला वीस रेषा कापू द्या. एकविसावी पंखावर.

पंख वाकडा कापला गेला तरी घासून सरळ करू द्या. तो 2 मिमी अरुंद झाला तरी उडेल.

आमच्याकडे बाल्सा मिळत नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा चालेल का? (आजी, कुडाळ)

नाकाच्या ठोकळ्याला चालेल, पंखाला नाही. पांगारा हलका असला तरी बाल्सापेक्षा जड आहे. मुंडावळ्या-बाशिंगांचं भेंड त्याहून हलकं, पण त्यात ताकद नाही. बाल्सा मुख्यतः इक्वेडोरमधून येतो, टपालाने मागवावा लागतो आणि फसवणूक होते ती इथेच. 'ए ग्रेड' या शिक्क्याला काही अर्थ नाही, शीट वजनावर बघायची. 3 मिमीची पूर्ण शीट स्वयंपाकघरातल्या काट्यावर 25 ते 33 ग्रॅम भरली तर पंखाला उत्तम. 40 च्या पुढे गेली तर बॉडीला ठेवा. विक्रेत्याला मागवण्याआधी वजन विचारा. सांगत नसेल तर दुसरा बघा. कोकणातल्या पावसात शीट सपाट, वर वजन ठेवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा, भिंतीला टेकवून नाही.

वडिलांच्या ट्रंकेत मॉडेल विमानाचं जुनं छोटं डिझेल इंजिन सापडलं. प्रॉपेलर फिरत नाही. पक्कडीने फिरवून नातवाला चालू करून दाखवावं म्हणतो. (आजोबा, सोलापूर)

पक्कड खाली ठेवा. आत राहिलेलं इंधनातलं एरंडेल वर्षानुवर्षांनी डिंकासारखं घट्ट झालं आहे, एवढंच. केस वाळवायच्या ड्रायरने इंजिन गरम करा, पातळ यंत्रतेलाचे थेंब सोडा, रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी प्रॉपेलर हाताने मागे-पुढे हलवून बघा. सुटलं नाही तर पुन्हा तेच. आत द्रव साचलेला असताना जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन कायमचं जातं.

चालू करण्याचा विचार मात्र घरी करू नका. या इंजिनाचं इंधन पेट्रोल पंपावरचं डिझेल नव्हे. ते ईथर, केरोसीन आणि एरंडेल यांचं मिश्रण असतं, आणि ईथरची वाफ खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या ठिणगीनेही पेटते. प्रॉपेलर बोटाने झटकून चालू करताना जाणत्यांचीही बोटं कापली गेली आहेत. अशी इंजिनं हाताळलेला माणूस समोर असेल तेव्हाच, मोकळ्या मैदानात, काठीने झटकून, आणि नातू प्रॉपेलरच्या रेषेत उभा न राहता मागे. तोवर वरचा कॉम्प्रेशनचा, म्हणजे आतला दाब कमी-जास्त करणारा, स्क्रू दाखवा आणि ठिणगीशिवाय इंधन कसं पेटतं ते समजावून सांगा.

सोसायटीचं मैदान आमच्या मालकीचं आहे. तिथे रिमोटचं विमान उडवायला परवानगी कशाला? (आई, विमाननगर, पुणे)

मैदान तुमचं, आकाश नाही. ड्रोन नियम, 2021 दूरून चालवलेल्या विमानालाही लागू आहेत. 2 किलोपर्यंतचं विमान छंदासाठी उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. त्यावरून 'काहीच लागत नाही' ही अफवा पसरली आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किमीच्या आत हिरवा झोन, म्हणजे परवानगी न घेता उडवता येईल असा भाग, नसतोच. 8 ते 12 किमीच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत, त्यापलीकडे 400 फुटांपर्यंत असतो, तोही सरकारी नकाशावर लाल किंवा पिवळा नसेल तर. तुम्ही लोहगाव विमानतळाच्या कुशीत राहता. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा तो नकाशा बघा, स्थानिक पोलीस ठाण्यात विचारा आणि शहराबाहेर जा. मुंबईसारख्या शहरांत पोलिसांचे तात्पुरते बंदी आदेशही निघतात, म्हणून दरवेळी नव्याने विचारायचं.

मुलगी सातवीत आहे, विमानांचं वेड आहे. एनसीसी एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवतात असं ऐकलं. दहावी झाल्यावर बघू असं घरात ठरलंय. बरोबर ना? (वडील, छत्रपती संभाजीनगर)

ऐकलंत ते खरं आहे, ठरवलंत ते चुकीचं. शाळेतली एनसीसी आठवी-नववीत असते. दहावीनंतर बघायला गेलात तर ती दोन वर्षं गेलेली असतील. प्रत्येक शाळेत एअर विंग नसते, कुठे फक्त आर्मी विंग असते. तेव्हा आठवीचे प्रवेश सुरू व्हायच्या आधी शाळेतल्या एनसीसी अधिकाऱ्यांना भेटा, एअर विंग आहे का, मुलींना किती जागा आहेत, निवडीला काय लागतं ते विचारा. नसेल तर शहरातल्या कुठल्या शाळेत आहे हेही तेच सांगतील. सोबत मुलीला न्या, आणि तिने बनवलेलं ग्लायडर खोक्यात घालून न्या.