तोरणमाळला डाळ का शिजत नाही?

प्रश्न : सर, महाशिवरात्रीला आम्ही सातपुड्यात डोंगरावर तोरणमाळला गेलो, वरण-बट्टीचा बेत होता, तुरीची डाळ पातेल्यात खळखळा उकळतेय पण दोन तास झाले तरी दाणा बोटात अख्खाच. शहाद्याला तीच डाळ, तेच पातेलं, आणि एवढा वेळ कधीच लागत नाही. सासूबाई म्हणतात तिथलं पाणी जड. खरं काय? (एक वाचक, शहादा)

उत्तर : ताई, सासूबाईंचं अगदीच चूक नाही, जड (म्हणजे क्षार जास्त असलेल्या) पाण्यात डाळ उशिराच शिजते. पण तोरणमाळला पाणी कितीही हलकं असलं तरी वेळ लागणारच, कारण तिथलं उकळतं पाणी शहाद्याच्या उकळत्या पाण्याइतकं गरमच नसतं.

पाणी १०० डिग्रीला उकळतं हे आपण शाळेत घोकलं, पण ते फक्त समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला खरंय. पाण्याचा फेज डायग्राम बघा (कुठल्या तापमान-दाबाला पाणी बर्फ, द्रव की वाफ असतं ते दाखवणारा आलेख), आडवं तापमान, उभा दाब, त्यात द्रव आणि वाफ यांच्यामधली एक वाकडी रेघ वर चढत जाते, ती ०.०१ डिग्रीला सुरू होते आणि ३७४ डिग्रीला संपते, आणि त्या रेघेवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे पाण्याचा उत्कलनबिंदू, त्या दाबाला पाणी ज्या तापमानाला उकळतं तो! १०० हा त्यातला एकच ठिपका. तोरणमाळ साधारण ११०० मीटरवर, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८८ टक्क्यांच्या आसपास, म्हणून पाणी ९६-९७ डिग्रीलाच उकळायला लागतं. शहाद्यात ९९ च्या वर.

आणि उकळी फुटली की पुढं कितीही लाकडं घाला, तापमान तिथंच अडकतं, सगळी आच पाण्याची वाफ करण्यात जाते (हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण लाकडं तिथं कुणीतरी डोक्यावर वाहून आणलेली असतात). मीठ टाकूनही काही होत नाही, एक डिग्री वाढवायला लिटरमागं ५८ ग्रॅम मीठ लागेल, ते वरण कोण खाणार.

पुढच्या वेळी डाळ आधी भिजवा आणि कुकर न्या. शिटीच्या वजनानं आत बाहेरच्यापेक्षा जवळपास एक वातावरण (म्हणजे समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाइतका) दाब जास्त राहतो, त्यामुळं शहाद्यात आतलं तापमान १२० डिग्रीच्या आसपास जातं. तोरणमाळला बाहेरचाच दाब कमी, म्हणून तिथं ११८ धरा, एखादी शिटी जास्त घ्या.