पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय, आईची काय तयारी करून घेऊ?

तुम्ही लिहिलंय की आई ६४ वर्षांच्या आहेत, बीपी आणि शुगर दोन्ही आहे, पित्ताशयात खडे निघालेत आणि पुढच्या गुरुवारी इंदूरला दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय. देवासहून आणणार आहात आणि घरात याआधी कुणाचं ऑपरेशन झालेलं नाही. मी डॉक्टर नाही, पण दोन वर्षांपूर्वी इथेच माझं हेच ऑपरेशन झालं. त्यात मी जो घोळ घातला तो आधी सांगते, कारण तुमच्या आईही नेमका तोच घालतील अशी मला शंका आहे.

माझा नंबर सकाळी आठचा होता. रात्री बारानंतर तोंडात काही घालायचं नाही, असं बजावून सांगितलेलं. सहा वाजता सासूबाई रामबागेतून थर्मास घेऊन हजर! "अगं, चहानं काय होतंय? रिकाम्या पोटी राहिलीस तर पित्त खवळेल." पित्ताशयच काढायचं होतं, पण सासूबाईंशी वाद कोण घालणार? अर्धा कप घेतला. साडेसातला सिस्टर आली, "कुछ खाया तो नहीं?" मी म्हटलं, "नहीं." खोटं बोलले नाही हो, चहा आपण कुठे खातो! ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भुलीच्या डॉक्टरांनी मात्र वेगळं विचारलं, "और चाय?" झालं. स्ट्रेचर परत वॉर्डात, माझा नंबर यादीत शेवटी, आणि ऑपरेशन दुपारी दीडला. तोवर पाण्याचा थेंब नाही, आणि सासूबाई थर्मास पदराखाली धरून बसलेल्या.

त्यामागचं कारण तेव्हा कुणी नीट समजावलं असतं तर मी तो कप घेतलाच नसता. भूल दिल्यावर खोकल्याची, गिळण्याची ताकद तात्पुरती जाते. पोटात काही असेल तर ते उलटून वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं, आणि ते जिवावर बेततं. म्हणून साध्या हलक्या खाण्यानंतर निदान ६ तास आणि तळलेल्या-तुपकट जेवणानंतर ८ तास जाऊ देतात. दूध पोटात अन्नासारखंच रेंगाळतं, म्हणून दुधाच्या चहालाही ६ तासांचाच नियम. नुसतं पाणी बऱ्याच ठिकाणी २ तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या डॉक्टरांनी जी वेळ दिली असेल तीच पाळा. थर्मास आणणारी माणसं घरोघरी असतात, त्यांना आदल्या रात्रीच समजावून ठेवा.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की हॉस्पिटलात प्रश्न मोठ्या शब्दांत विचारतात आणि आपण आपल्या अर्थानं उत्तर देतो. "कोई दवाई चलती है?" यावर आमच्या सासूबाई सरळ "नाही" म्हणतात, कारण बीपीची गोळी त्या इतकी वर्षं घेतायत की ती त्यांच्या लेखी औषध राहिलेलीच नाही. चूर्ण, काढा, अश्वगंधा, गुडघ्यासाठी शेजारणीनं दिलेली गोळी, यातलं काही त्यांच्या हिशेबात धरलं जात नाही. "कोई नशा?" असं विचारलं की मिश्री लावणारी बाई बिनदिक्कत नाही म्हणते. तेव्हा आजच घरातले सगळे डबे पालथे घाला आणि एका कागदावर प्रत्येक गोळीचं नाव, ताकद आणि वेळ लिहा. पाकिटंही पिशवीत टाका. हा कागद भुलीच्या डॉक्टरांच्या हातात द्यायचा. ऑपरेशनआधीची त्यांची तपासणी असते तिला पीएसी म्हणतात. ती आदल्या संध्याकाळवर ढकलू नका, सोमवारपर्यंत उरका.

सोमवार म्हणण्याचं कारण शुगरच्या गोळ्या. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं (डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे), त्या साधारण ३ दिवस आधी थांबवतात. त्या चालू ठेवून उपाशी राहिलं तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. बाकीच्या शुगरच्या गोळ्या बहुधा त्या सकाळी नसतात, इन्सुलिनचा डोस बदलून देतात, आणि बीपीची गोळी बऱ्याचदा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. पण बीपीच्याही सगळ्या गोळ्यांना एकच नियम नाही. रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांपैकी काही चालू असेल तर ती आपल्या मनानं बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका, विचारा. हृदयात स्टेंट असेल तर हे दुपटीनं महत्त्वाचं.

पीएसीत तोंड उघडायला लावतात, मान मागे करायला लावतात, हलणारा दात, घोरणं, दमा हेही विचारतात. घशात नळी घालायची असते, म्हणून हे सगळं. आपल्या इंदुरात हे तोंड उघडणं गमतीचं नाही. वर्षानुवर्षं गुटखा खाल्लेल्या माणसाच्या तोंडात धड दोन बोटंही जात नाहीत, आणि मग त्यांना नळी घालायची वेगळी तयारी करावी लागते. आईंना कवळी असेल तर ती ठेवायला डबी न्या, मी एका आजींची कवळी रुमालातून हरवलेली पाहिली आहे.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, नथ सगळं घरीच काढून ठेवा. रक्त थांबवायला विजेचं उपकरण वापरतात, अंगावरच्या धातूनं भाजण्याची भीती असते, शिवाय हात सुजला तर बांगडी रुतते. बोटांवर मेंदी किंवा नेलपॉलिश नको, बोटाला लावलेल्या चिमट्यातून ऑक्सिजन मोजायचा असतो. मंगळसूत्र काढताना आईंचे डोळे भरून येतील. घाई करू नका, वाटलं तर त्यांनी ते स्वतःच्या हातानं बाबांकडे द्यावं.

संमतीपत्रावर 'गरज पडल्यास पोट उघडून' असं लिहिलेलं असतं. ते वाचून माझ्या नवऱ्याचा चेहरा उतरला होता. आत फार चिकटलेलं असेल, नीट दिसत नसेल, तर सर्जन दुर्बीण सोडून मोठा छेद घेतात. तो त्यांचा शहाणपणा असतो, त्याला ऑपरेशन बिघडलं म्हणत नाहीत. एरवी सगळं तीन-चार छोट्या छिद्रांतून होतं. भारतात दुर्बिणीनं पित्ताशय पहिल्यांदा १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडियांनी काढलं. त्याआधी उजव्या बरगडीखालचा लांब छेद आणि कितीतरी मोठा मुक्काम हेच नशिबी असायचं.

शुद्धीवर आल्यावर थंडीनं दात वाजतील, घसा खवखवेल, मळमळेल. पण मला खरी धडकी भरली ती संध्याकाळी, कारण पोट बरं होतं आणि उजवा खांदा ठणकत होता. वाटलं, हार्टचं काही निघालं. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यातला थोडा आत राहतो आणि पोट-छातीमधल्या पडद्याला टोचतो, आणि त्या पडद्याच्या नसेची कळ खांद्यात जाणवते. चालायला लागल्यावर दोन दिवसांत गेलं. म्हणून परवानगी मिळताच, दुखलं तरी, आईंना उठवून कॉरिडॉरमध्ये फिरवा. पायात रक्त साकळू नये म्हणूनही ते हवं. मात्र छाती दुखते, धाप लागते असं म्हणाल्या तर गॅस म्हणून सोडून देऊ नका.

सुट्टी बहुधा दुसऱ्या दिवशी मिळते. सुरुवातीला मुगाची खिचडी, दही-भात असं हलकं द्या. भेटायला येणारे पोहे-जिलेबी आणि सेव घेऊन येतील, ते तुम्ही खा. सुरुवातीचे काही आठवडे-महिने तेलकट खाल्लं की काहींना जुलाब होतात, हळूहळू पचायला लागतं. ताप, डोळे पिवळे होणं, थांबत नाही अशी उलटी, कमी व्हायच्या ऐवजी वाढणारी पोटदुखी, जखमेतून पू, पोटरीत सूज यांपैकी काही दिसलं तर सोमवारची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

पैशांचं थोडक्यात. पॉलिसी नवी असेल तर पित्ताच्या खड्यांसाठी बहुतेक ठिकाणी दोन वर्षं थांबावं लागतं, ते आधी बघा. खोलीच्या भाड्याची मर्यादाही बघा. त्याहून महाग खोली घेतली की बाकीच्या बिलातल्या काही खर्चांतूनही त्याच प्रमाणात कापू शकतात. आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतं, पण ते हॉस्पिटल त्या योजनेत आहे का, हे भरती होण्याआधी विचारा.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. ऑपरेशननंतर खडे छोट्या डबीत घालून नातेवाइकांना दाखवतात. आमच्याकडे ती डबी आठ दिवस आल्यागेल्याला दाखवून झाली. पण काढलेलं पित्ताशय तपासणीला, म्हणजे बायॉप्सीला, गेलं की नाही हे कुणी विचारलंच नाही. उत्तर भारतात पित्ताशयाचा कर्करोग देशाच्या इतर भागांपेक्षा जास्त आढळतो आणि कधीकधी तो या तपासणीतच कळतो. माझा रिपोर्ट चांगला आला, पण तीन आठवडे तो हॉस्पिटलच्या काउंटरवर पडून होता. ऑपरेशनच्या दिवशीच विचारा की पाठवलंय का आणि कधी मिळेल, आणि टाके दाखवायला जाल तेव्हा तो मागून घ्या.