बाप्तिस्म्याआधी गेलेलं तान्हं बाळ नरकात जातं, असं ख्रिस्ती लोक मानतात का? नरकाची ही कल्पना आली कुठून?

नाही जात. आणि जो कॅथोलिक आजही 'जातं' म्हणतो, त्याला स्वतःच्या चर्चचा इतिहास माहीत नाही.

नरकाच्या उगमाबद्दल दुसरं कुणी लिहील. मी बाळांबद्दलच लिहिणार, कारण आमच्या घरात हा प्रश्न माझ्या जन्माआधीपासून आहे. आम्ही वसईकडचे. आईचं पहिलं बाळ, माझा थोरला भाऊ, साठच्या दशकाच्या सुरुवातीला घरीच जन्मला आणि त्याच रात्री गेला. भर पावसात फादरना बोलावणं जमलं नाही. बाप्तिस्मा नाही म्हणून दफनभूमीत जागा नाही. १९१७ च्या धर्मसंहितेचा नियमच तसा होता. कुंपणाबाहेर चिंचेखाली पुरलं. ना मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना), ना क्रूस.

त्याहून वाईट वागले ते थोरले काका. ते चर्चमध्ये कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवायचे. अडीअडचणीला कुणीही, अगदी सुईणसुद्धा, बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. काकांनी भरल्या घरात बाळंतिणीला विचारलं, "तांब्याभर पाणी नव्हतं का घरात?" वर सांगितलं, पोर लिंबोत गेलं, म्हणजे ना स्वर्ग ना नरकयातना अशा जागी, त्याला देवाचं दर्शन कधीच नाही. पुढे दर २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आई घरच्या सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लावायची आणि एक कुंपणाबाहेर. काका तिकडे बघायचेसुद्धा नाहीत.

हे लिंबो येशूने सांगितलेलं नाही. पाचव्या शतकात धर्मपंडित संत ऑगस्टीनचं, माणूस जन्मतः पापी नसतो म्हणणाऱ्या पेलेजियसच्या लोकांशी भांडण जुंपलं. माणूस आदामाचं पाप घेऊनच जन्मतो हे ठासून सांगताना त्याने लिहिलं की अशी बाळंही नरकातच जातात, फक्त त्यांची शिक्षा सगळ्यांत सौम्य. ते पुढच्यांना पचेना. बाराव्या शतकात आबेलार या धर्मपंडिताने यातना काढून टाकल्या, फक्त देवदर्शन नाही एवढंच ठेवलं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस हा दुसरा धर्मपंडित म्हणाला, त्याचं दुःखही बाळांना होत नाही. म्हणजे लिंबो दयेपोटी काढलेली वाट होती, आणि काकांनी तीच आईवर उगारली. ती सक्तीची श्रद्धा कधीच झाली नाही. पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) चर्चने तर ती घेतलीच नाही. तिकडचा चौथ्या शतकातला बिशप, निस्साचा ग्रेगरी, शेवटी सगळेच देवाकडे परततील असं मानायचा, आणि तो आजही संत आहे.

१९६९ मध्ये कॅथोलिक चर्चने काढलेल्या नव्या अंत्यविधीच्या पुस्तकात अशा बाळांसाठी वेगळ्या प्रार्थना आल्या. २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने सांगितलं की या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे. मी ते छापून काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आशा म्हणजे खात्री नव्हे." बरोबर. पण लिंबोची खात्री तरी चर्चने कधी दिली होती? तुम्ही मात्र आईला ती खात्री म्हणूनच सांगितलीत.

हे सगळं कॅथोलिकांपुरतं. प्रोटेस्टंट लिंबो मानत नाहीत, पर्गेटरीही (स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होण्याची अवस्था) नाही.

तुमच्या माहितीत असं बाळ गेलं असेल तर रीतसर अंत्यविधी मागा. आईवडिलांचा बाप्तिस्मा द्यायचा विचार होता एवढं पुरतं. १९८३ च्या संहितेप्रमाणे बिशप परवानगी देऊ शकतात. आणि कुणी वडीलधारं लिंबोची भाषा करू लागलं, तर आधी त्यांना बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर काढा, वाद नंतर घाला.