वाचक विचारतात: ‘डॅलोस’ मध्येच का सुरू होते?

प्रश्न: थेट व्हिडिओ कॅसेटवर आलेली पहिली जपानी ॲनिमेशन मालिका म्हणून ‘डॅलोस’ लावली, पण कथेचं टोकच सापडेना. कॅसेट चुकीची आहे का?

उत्तर: कॅसेट बरोबर आहे, क्रम उलटा आहे. डिसेंबर १९८३मध्ये कथेतला दुसरा भाग आधी विक्रीला आला. पहिला आला जानेवारी १९८४मध्ये. तेव्हा प्रकाशनाच्या तारखा विसरा, आधी जानेवारीचा भाग पाहा. चंद्रावरच्या वसाहतीतलं बंड का पेटलं, ते मग नीट कळतं. मामोरू ओशी यांची ही मालिका मुळात टीव्हीसाठी योजलेली. ‘मेगाझोन २३’चंही (१९८५) तेच: प्रायोजक गेला, टीव्ही मालिका बारगळली आणि तयार काम कॅसेटवर आलं. या माध्यमाची सुरुवात समजायला ही जोडी जरूर पाहावी.